मनोरीच्या खाडीत न लागलेला फोन

९ सप्टेंबर, मंगळवार

जगाला दिवाळीआधी मिळणार ती नवी सिस्टिम आज आमच्या टेस्टिंगच्या फोनांत आली. कच्चीच. कॅमेरा उघडला की फोन तव्यासारखा तापतो. अलार्म वाजतो, पण बंद होत नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत चौदा बग, म्हणजे दोष, लिहिले. केदार म्हणाला, "वर्षा, तू फार मनाला लावून टेस्टिंग करतेस." केदार म्हणजे आमचा लीड. पार्ल्याचा. अपमान करायचा तरी आवाज चढवत नाही.

आजपासून दोन आठवडे प्रत्येकाने आपली सिमं या फोनमध्ये टाकून हाच घरी वापरायचा. लॅबमध्ये सापडत नाही ते घरी सापडतं, म्हणे. सापडल्यावर त्याचं काय करतात ते सहा वर्षं बघतेय.

रूपेशने विचारलं, "आणि बोटीवर पाण्यात पडला तर?" रूपेश शेजारच्या खुर्चीवर. मनोरीचा कोळी, रोज फेरीबोटीने मार्वेला उतरून अंधेरीला येतो. आम्ही दोघं एकाच दिवशी लागलो, कंत्राटावर. अजून कंत्राटावरच.

१५ सप्टेंबर, सोमवार

रूपेश आला नाही. दुपारी फोन केला तेव्हा कळलं. काल संध्याकाळी त्याचे वडील फेरीबोटीत पाय घसरून लोखंडी कडेवर आपटले. डोकं फुटलं. मार्वेला उतरेपर्यंत ॲम्ब्युलन्स यावी म्हणून त्याने बोटीतूनच ११२ लावला. आपल्या टेस्टिंगच्या फोनवरून. 'जोडत आहे', 'जोडत आहे', एवढंच. कापला, पुन्हा लावला, तेच. शेवटी एका मासळीवाल्या बाईने आपला बटणांचा जुना फोन पुढे केला. एका झटक्यात लागला.

नऊ टाके. आता बरे आहेत. रूपेश बोलता बोलता हसला, पण आवाज काही बरोबर वाटला नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

रूपेश आला, खुर्चीवर बसायच्या आधी बग लिहिला. 'इमर्जन्सी कॉल लागत नाही.' सगळ्यात वरचा दर्जा. या दर्जाचा एक जरी बग उघडा असला तरी रिलीज थांबतो.

मग दिवसभर लॅब. लॅबमध्ये खरा ११२ लावायला सक्त मनाई. काचेच्या खोलीत एक पेटी आहे, ती खोटं नेटवर्क देते आणि खोटा ११२ उचलते. पेटीची रेंज कायम फुल. वीसदा लावला. वीसदा लागला.

माझा अंदाज रूपेशला सांगितला. फोनमध्ये दोन सिमं. एकाची रेंज जायला लागली की इमर्जन्सी कॉलने दुसऱ्यावर उडी मारायची. हा मारत नाही. जाणाऱ्या रेंजलाच धरून बसतो. खाडीच्या मध्यावर एक रेंज जाते आणि दुसरी असते. पेटीत कुठली खाडी!

केदारने दर्जा तीन पायऱ्या खाली आणला. कारण: लॅबमध्ये दिसत नाही. वर म्हणाला, "तसं काही झालं नाही ना शेवटी? काका ठीक आहेत ना?"

रूपेश उभा राहिला. "माझ्या बापाचं डोकं लॅबमध्ये फुटायला पाहिजे होतं का?"

 केदारने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी स्क्रीनकडे बघत राहिले.  आज रात्री जेवण गेलं नाही, त्याचं कारण तेच.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

रूपेशला कॅमेऱ्याच्या टीममध्ये हलवलं, "थोडा चेंज मिळेल म्हणून." त्याचा बग माझ्या नावावर. नियम असा: ज्याच्या नावावर बग, त्याने तो तीनपैकी तीनदा करून दाखवायचा. नाही दाखवता आला तर त्यानेच बंद करायचा आणि रिलीजच्या शेवटच्या कागदावर इतरांबरोबर त्यानेही सही करायची.

रूपेश डबा घेऊन माझ्याकडे आला. "रविवारी ये मनोरीला. बोटीतून करून दाखवतो तुला."

"खरा नंबर लावायचा नसतो रे."

"मग खोट्या नंबरावर खरा बग कसा सापडणार, सांग ना."

खरंच होतं. हो म्हटलं.

२१ सप्टेंबर, रविवार

आईला सांगितलं, ऑफिसची पिकनिक आहे. बोरिवलीहून मार्वे, तिथून फेरीबोट. रूपेश धक्क्यावर उभा होता. तो व्हिडिओ काढणार, मी लावणार.

पहिला कॉल धक्क्यावरून. लगेच लागला. बाई बोलत होत्या. "बोला, काय झालं?" माझ्या तोंडून आलं, "काही नाही, टेस्टिंग करतोय."

"ताई, टेस्टिंग करायला दुसरा नंबर नाही मिळाला? इथं लोकांचे जीव जातायत." फोन आपटला. कान गरम झाले. त्या बाईंचं काहीच चुकलं नव्हतं.

दुसरा खाडीच्या मध्यावर. 'जोडत आहे.' रूपेश सेकंद मोजत होता. दोन मिनिटं चाळीस सेकंद. पलीकडे धक्का आला, माणसं उतरली, आणि तेव्हा कुठे लागला. मी कापला. मला आनंद झाला, अगदी लहान मुलासारखा. मिळाला, मिळाला! मग रूपेशकडे पाहिलं. तो बोटीच्या कडेकडे बघत होता. माझाच मला राग आला.

तिसरा परतताना, पुन्हा मध्यावर. लागला. धाडकन. पुन्हा त्याच बाई की दुसऱ्या, कळलं नाही. मी कापून टाकला.

म्हणजे खाडीत दोनातून एकदा. नियम तीनातून तीनदाचा.

मग पुन्हा बोटीने मनोरीला, रूपेशच्या घरी गेलो. वडील ओट्यावर, डोक्याला पट्टी. मला म्हणाले, "तूच काय ती, फोन तपासनारी? मग नीट तपास गो." त्याच्या आईने सुकट बांधून दिली.

२२ सप्टेंबर, सोमवार

केदारला मीटिंगच्या खोलीत व्हिडिओ दाखवला. पूर्ण पाहिला. मधे बोलला नाही. मला वाटलं, पटलं.

"वर्षा, तू कंपनीच्या फोनवरून खरा इमर्जन्सी नंबर लावलास?"

"हो. त्याशिवाय—"

"आणि एक फालतू कॉल पोलिसांनी उचलला. तुझ्या आवाजात. हे रेकॉर्ड आहे." मग दार लावून घेतलं. "हा व्हिडिओ तू बगला जोडलास तर बग उघडा राहील. हे खरं. पण त्याच दिवशी लीगलवाले तुला बाहेर काढतील. रूपेशलाही. मी काही करू शकणार नाही. मी तुझ्या भल्यासाठी सांगतोय."

वाईट हे की, खोटं काहीच सांगत नव्हता.

"मग बाहेर, बोटीत टेस्ट करायची रीतसर परवानगी काढ ना."

"सहा आठवडे लागतील. रिलीजला अडीच आहेत. पुढच्या अपडेटमध्ये बघू, नक्की."

व्हिडिओ माझ्या फोनमध्ये आहे. जोडला नाही. पुसलाही नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

केदारने चहाला नेलं. आजवर कधी नेलं नव्हतं. कायम करायच्या यादीत माझं नाव घातलंय म्हणाला. "रिलीज व्यवस्थित झाला की आपोआपच होईल." 'व्यवस्थित' वर थोडा जोर.

रूपेशचं नाव विचारलं नाही. विचारायला हवं होतं. चहा संपवला.

२५ सप्टेंबर, गुरुवार

आईला सगळं सांगितलं, पिकनिकच्या थापेसकट. आई भाजी निवडत होती.

"तुझ्या एकटीच्या सहीनं फोन निघतो का?"

"नाही. बारा जणांच्या सह्या असतात."

"मग तुझ्या एकटीच्या नकारानं थांबणार आहे का? तुला काढतील, दुसरीला बसवतील, ती करील सही. तुझ्या बापानं कधी कायम नोकरी बघितली नाही. तू बघ."

मला हेच ऐकायचं होतं म्हणून मी आईला सांगितलं. उगाच तिच्या नावावर ढकलू नये.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

लॅबमध्ये तीनदा लावला. तीनदा लागला. 'दिसत नाही' लिहून बग बंद केला.

मग तो कागद. कागद कसला, स्क्रीनच. 'माझ्या माहितीप्रमाणे रिलीज थांबवावा असा एकही दोष शिल्लक नाही.' खाली चौकोन. चौकोनात टिचकी मारायची. जेवणाच्या आधी मारावी की नंतर, यात पाऊण तास घालवला. नंतर मारली.

काहीच झालं नाही. केदारने लांबून अंगठा दाखवला.

२९ सप्टेंबर, सोमवार

सह्यांची यादी सगळ्यांना मेलने गेली. कशाला पाठवतात कोण जाणे. रूपेश माझ्या खुर्चीजवळ आला.

"तू केलीस सही?"

"रूपेश, व्हिडिओ जोडला असता तर तुलाही—"

"मी विचारलं तरी का तुला, माझी नोकरी वाचव म्हणून?"

"लॅबमध्ये दिसत नव्हता रे."

हे मी म्हणाले. त्याला. खाडीत माझ्या शेजारी उभं राहून सेकंद मोजणाऱ्याला.

तो एवढंच म्हणाला, "बाबा विचारत होते, त्या पोरीनं तपासलं का नीट. हो म्हणून सांगतो." आणि गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

रिलीज. केक. कंपनीच्या रंगाचे फुगे. केदारचं भाषण, त्यात 'फॅमिली' हा शब्द पाचदा. माझं कायमचं पत्र त्याच्याच हातून. टाळ्या.

रूपेश आज नव्हता. कंत्राट संपत होतं, त्याने पुढे वाढवलं नाही. मला सांगितलं नाही, गेटवरच्या माणसाकडून कळलं. मेसेज केला. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

आईने बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. मामाला फोन लावून म्हणाली, "जयभीम दादा, आपली वर्षा पर्मनंट झाली." दोन पेढे मीही खाल्ले. गोड लागले, खोटं कशाला लिहू.

२७ ऑक्टोबर, सोमवार

दिवाळीनंतरचा पहिला दिवस. ग्राहकांच्या तक्रारींचा ढीग. बॅटरी, बॅटरी, वॉलपेपर, बॅटरी. दर्जा मशीनच लावतं, आम्ही फक्त उघडायच्या.

सगळ्यात खालच्या ढिगात एक मराठीत. तशी लिहून ठेवते:

'होडीतून येताना भावाच्या छातीत दुखले. ११२ लावला. जोडत आहे असेच येत राहिले. खाडी पार झाल्यावर लागला. आता घाई नाही पण बघावे. — सुधाकर.' खाली नंबर. बाणकोटकडचा पत्ता.

मशीनने 'घाई नाही' एवढंच वाचलं आणि दर्जा लावला: सर्वात कमी.

तीनदा वाचली.  उठून बाथरूममध्ये गेले, तोंडावर पाणी मारलं, परत आले, तरी ती तिथेच.

केदारला दाखवली. त्याचाही चेहरा पडला, नाही म्हणणार नाही. पण क्षणभरच. "दुर्दैवी आहे ग. पण फोनमुळेच झालं असं कसं म्हणणार? तुझ्याच नावावर टाकतो, तुला विषय माहीत आहे. लॅबमध्ये करून बघ. नाही दिसलं तर नेहमीप्रमाणे बंद कर." थोडं थांबून, "आणि वर्षा, तो व्हिडिओ अजून असेल तर पूस."

२८ ऑक्टोबर, मंगळवार

लॅबमध्ये गेले नाही. दिवसभर दुसऱ्या तक्रारी उपसल्या. रूपेशला ती मराठी तक्रार पाठवायला घेतली. पाठवून काय सांगू? तुझं बरोबर होतं? ते त्याला माहीत आहे. नाही पाठवली.

व्हिडिओ पाहिला. पुसला नाही.

२९ ऑक्टोबर, बुधवार

ग्राहकाला परस्पर फोन करायचा नसतो. दुपारी जिन्यात जाऊन माझ्या स्वतःच्या फोनवरून केला. काय बोलणार ते ठरवलंच नव्हतं.

"कंपनीतून बोलताय का?"

हो म्हटलं.

माणूस साधा. आवाज अजिबात चढला नाही. बरं झालं फोन केलात म्हणाले, वाटलं नव्हतं कोणी करील. भाऊ धाकटा, चाळिशीचा. फोन त्याचाच, त्यानेच हौसेने घेतलेला, अपडेटही आल्या दिवशीच टाकलं. दिवसकार्य उरकल्यावर त्यांनी तक्रार लिहिली. नुकसानभरपाई वगैरे नको आहे. दुसऱ्या कोणाचं असं होऊ नये, एवढंच. होडी कुठे होती, किती मिनिटं गेली, स्क्रीनवर काय काय दिसलं, सगळं क्रमाने सांगत होते. इतका नीट बग सहा वर्षांत मला कोणी सांगितला नाही. मी पायरीवर बसून लिहून घेत होते.

मग त्यांनी विचारलं, "ताई, एवढे तुम्ही लोक तपासता. हे आधी कोणाच्याच लक्षात आलं नाही का हो?"

मी म्हटलं, "हॅलो? हॅलो? आवाज तुटतोय तुमचा."

"मला येतोय ऐकू. तुमचा नीट येतोय."

"हॅलो?" म्हटलं आणि कापला.

जिन्यात रेंज फुल होती. पाच मिनिटांनी त्यांचा फोन आला. मग पुन्हा एकदा. मी उचलला नाही. आता मेसेज आलाय: 'ताई, तुमच्याकडे रेंज आली की करा. मी घरीच आहे.'