मोतीबाईंच्या पित्ताशयातले खडे परत न केल्याबाबत खुलासा

प्रति,
मा. बाल विकास प्रकल्प अधिकारी,
तालुका खालापूर, जिल्हा रायगड.

अर्जदार: सौ. सुनिता धनेश भोईर, अंगणवाडी सेविका, मौजे बोरखळ, ता. खालापूर.

विषय: श्रीमती मोतीबाई गोमा भोईर यांच्या ऑपरेशनमध्ये निघालेले ३१ खडे परत न केल्याबाबत खुलासा, तसेच अर्जदाराच्या पोटातून निघालेले २३ खडे म्हणजे अंगणवाडीची मसूर डाळ नसल्याबाबत.

संदर्भ:
१) मोतीबाईंची पहिली तक्रार, सेविका जाड असल्याबाबत, जून २०२३.
२) मोतीबाईंची दुसरी तक्रार, सेविका बारीक झाल्याबाबत, नोव्हेंबर २०२४.
३) मोतीबाईंची तिसरी तक्रार, सेविकेने खडे चोरल्याबाबत, दि. ९ जून २०२५.
४) आपले पत्र दि. १६ जून २०२५, सात दिवसांत खुलासा करणेबाबत.

महोदया,

सविनय सादर करण्यात येते की, मागच्या खुलाशावर पर्यवेक्षिका बाईंनी लाल पेनाने "शासकीय कागदात मी-मी करू नये" असा शेरा मारला होता. शेरा मान्य आहे. म्हणून या कागदात अर्जदाराने स्वतःला "अर्जदार" असेच म्हटले आहे. त्यामुळे काही गोष्टी लिहायला उलट सोप्याच गेल्या.

१. अर्जदार गेली चौदा वर्षे बोरखळच्या अंगणवाडीत सेविका आहे. कोठीची चावी चौदा वर्षे तिच्या कमरेला होती. या काळात साठा कधी पावशेरानेही कमी भरला नाही, हे आपल्याच तपासणी वहीत लिहिलेले आहे. अर्जदाराचे वजन तेव्हा एकशे अठरा किलो होते, हे मात्र कुठल्याही वहीत नव्हते. ते मोतीबाईंनी जाहीर केले.

२. मोतीबाई या अर्जदाराच्या चुलत सासू. घर समोरासमोर, अंगण एकच. त्यांची सून सुरभी बारावी झालेली आहे आणि तिला सेविकेची जागा मिळावी अशी त्यांची फार वर्षांची इच्छा आहे. इच्छा असण्यात गुन्हा नाही. परंतु जून २०२३ मध्ये त्यांनी आपल्या कार्यालयात लेखी दिले की, "पोरांचा आहार कुठं जातो ते सेविकेकडं बघून कळतं." चौकशी झाली, साठा बरोबर भरला, कागद बंद झाला. तोंडे बंद झाली नाहीत. अर्जदार नळावर गेली की बाया विचारायच्या, "काय बाई, आज किती पाकिटं?" हळदीकुंकवाला वाण देताना एकीने चक्क सुपारीची पुडी हातात ठेवली आणि म्हणाली, तुमाला खायचं काय द्यायचं, तुमचं सरकार देतंय. अर्जदार हसली. घरी येऊन तिने पुडी चुलीत टाकली.

३. म्हणून जानेवारी २०२४ मध्ये अर्जदाराने पोटाचे ऑपरेशन करून घेतले. पती धनेश यांच्या कुंभिवलीकडील कारखान्याच्या विम्यातून ते झाले. डॉक्टरांनी दुर्बिणीने पोटाची पिशवी कापून केळ्याएवढी केली. लोक म्हणतात हौस. हौस नव्हती, मॅडम. चोर म्हणून घेण्यापेक्षा कापून घेतलेले बरे वाटले. आज दीड वर्षानंतरही अर्जदाराला एका वेळी वाटीभर भात संपत नाही.

४. येथे अर्जदाराची स्वतःची एक चूक नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल. वजन उतरते आहे याचा पुरावा असावा म्हणून ती दर महिन्याला मुलांच्या वजनानंतर गरोदर बायांच्या काट्यावर स्वतः उभी राहायची आणि मुलांच्याच वजन नोंदवहीत अठ्ठावीस मुलांच्या खाली स्वतःचे वजन लिहायची. मदतनीस चंद्रभागाताईंनी महिन्याचा अहवाल उतरवताना एकोणतिसावी ओळही जशीच्या तशी उतरवली. मार्चमध्ये आपल्या कार्यालयाची नोटीस आली की, लाभार्थी क्रमांक २९ चे वजन एका महिन्यात बारा किलोने घटले असताना सदर बालकास उपचार केंद्रात का दाखल केले नाही. त्यावर अर्जदाराने जो खुलासा दिला, त्यावरच तो मी-मीचा शेरा आहे. चूक अर्जदाराची होती आणि तेव्हा ती सगळ्या तालुक्याच्या मीटिंगमध्ये मान खाली घालून बसली होती. हसणाऱ्यांत पहिला आवाज कोणाचा होता हे तिने मान खाली असतानाही ओळखले, पण ती व्यक्ती या प्रकरणात नाही.

५. वजन झपाट्याने उतरले की पित्त घट्ट होऊन पित्ताशयात खडे धरतात, असे डॉक्टरांनी आधीच बजावले होते आणि त्यासाठी सहा महिन्यांची गोळीही लिहून दिली होती. अर्जदाराने ती तीन महिन्यांनी बंद केली. अंग हलके झाले, आरशात गळ्याचे हाड दिसायला लागले, मग कसली गोळी अन् कसले काय! ऑक्टोबरमध्ये उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की, अंगणवाडीतल्या पोषण माहच्या फलकाला धरून ती खाली बसली. पित्ताशय काढावे लागले. नर्सने आतले खडे लहान डबीत घालून धनेशच्या हातात दिले. तेवीस खडे, पिवळट तपकिरी, मसुरीएवढे.

६. आपल्याकडे ऑपरेशन झालेल्या माणसाला बघायला येणाऱ्यांना खडे दाखवायची पद्धत आहे, हे आपणांस ठाऊक असेलच. बिस्किटाचा पुडा ठेवायचा, उशाशी बसायचे, डबी हलवून बघायची, "बाप रे!" म्हणायचे आणि आपल्या भावजयीचे किती मोठे निघाले ते सांगायचे. मोतीबाईही आल्या. त्यांनी डबी उघडली, खडे तळहातावर ओतले, एकेक मोजला. परत डबीत ओतून झाकण लावले. बाहेर ओटीवर जाऊन मात्र बोलल्या, "अगं मसूर डाळ हाय ती! अंगणवाडीची. पोटात साठून साठून दगड झालीय."

७. दुसऱ्या दिवसापासून सगळे बोरखळ तेच बोलत होते. आणि महिना उलटायच्या आत दुसरी तक्रार आपल्याकडे आली की, सेविका आधी आहार खात होती, आता बारीक झाली म्हणजे आहार विकत आहे. पूर्वी खाल्लेल्याचा पुरावा तिच्या घरी डबीत आहे, असेही त्यात होते. महोदया, जाड असली तर खाते आणि बारीक झाली तर विकते. मग सेविकेने किती किलोचे असावे म्हणजे ती प्रामाणिक ठरेल, याचे शासन परिपत्रक असल्यास कृपया एक प्रत मिळावी. या तक्रारीची चौकशी होईपर्यंत कोठीची चावी अर्जदाराकडून काढून मदतनिसांकडे देण्यात आली. आज सात महिने झाले. अर्जदार रोज सकाळी स्वतःच्याच अंगणवाडीत चावीसाठी हात पुढे करते. चंद्रभागाताई चावी देताना खाली बघतात.

८. हेही अर्जदाराने गिळले असते. परंतु डिसेंबरमध्ये एके दिवशी खिचडी वाढल्यावर मोतीबाईंची नात रिया, वय वर्षे चार, हिने आपली अर्धी ताटली अर्जदाराच्या पुढे सरकवली आणि म्हणाली, "बाई, तुमी ही खा. मंग चोरू नका." रियाच्या मनात काही वाईट नव्हते. ती घरात जे ऐकते ते बोलली, आणि वर स्वतःचा घासही द्यायला निघाली. अर्जदार तिला जन्मल्यापासून काट्यावर ठेवत आली आहे. अडीच किलोची होती, आता चौदा किलो आहे. त्या दिवशी अर्जदाराने ठरवले की, मोतीबाईंना सोडायचे नाही.

९. देवाने म्हणा किंवा मटणाने म्हणा, लवकरच संधी दिली. यंदा एप्रिलमध्ये मोतीबाईंना दोनदा मटणाच्या जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखले आणि कळ पाठीत खांद्यापर्यंत गेली. त्या "गॅस हाय" म्हणून सोडा पीत बसल्या. सगळ्या आळीत हे दुखणे कसले आहे हे एकट्या अर्जदाराला कळले होते. ती बोलली नाही. समोरच्या अंगणातून बघत राहिली आणि तिला बरे वाटले. हे लिहू नये असे धनेश यांचे मत पडले, पण खुलासा म्हणजे खुलासा.

१०. मे महिन्यात भावकीतल्या लग्नाच्या हळदीत मोतीबाईंनी दोनदा रस्सा मागून घेतला आणि दुपारी ओटीवर गडाबडा लोळू लागल्या. मुलगा मनोज कंपनीत पहिल्या पाळीला, सुरभी रियाला घेऊन माहेरी. "सुनिता, मी मरतंय गं!" अशी हाक त्यांनी मारली. तेव्हा मात्र अर्जदाराने गावातल्या पोपट यांची इको गाडी बोलावली आणि मोतीबाईंचे डोके मांडीवर घेऊन त्यांना स्वतः दवाखान्यात नेले. गाडी चालू असताना विचारले, "मोतीकाकी, डाळीचं खोटं बोललात ना?" त्या म्हणाल्या, "व्हय गं बाय, खोटं बोलले. सुरभीला जागा मिळंल म्हणून बोलले. आता गाडी पळव." गाडी एक क्षणही थांबवली नव्हती, याला पोपट साक्षी आहेत. सोनोग्राफीत पित्ताशय खड्यांनी भरलेले निघाले. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झाले. अर्जदार बाहेर बाकावर बसली होती आणि खडे जास्त निघोत अशी मनापासून प्रार्थना करत होती.

११. नर्स डबी घेऊन बाहेर आली तेव्हा मनोज औषधे आणायला खाली गेला होता. "मोतीबाईंचं कोण आहे?" असे तिने विचारले. अर्जदार उभी राहिली आणि म्हणाली, मी आहे. डबी पर्समध्ये गेली. ही चोरी नाही. नातेवाईक म्हणून हातात दिलेली वस्तू आहे. घरी आल्यावर अर्जदार मोतीबाईंना भेटली आणि म्हणाली, गाडीत बोललात ते आता चार माणसांत बोला आणि डबी घ्या. मोतीबाई म्हणाल्या, "कळ लागली की माणूस कायबी बोलतं. ते धरायचं नसतं गं." बरे. नाही धरत. डबी धरली.

१२. पुढचे अर्जदाराने केलेले नाही, आपोआप झाले. मोतीबाईंच्या माहेराहून, कशेळ्याहून, जीप भरून अकरा माणसे त्यांना बघायला आली. पुडे ठेवले, चहा झाला, आणि सगळ्यांनी एकदमच विचारले, "खडं दाव की!" मोतीबाईंकडे दाखवायला काही नाही. थोरली बहीण सोनुबाई म्हणाली, "खडं नाय, मंग कापलं काय?" जीप कशेळ्याला पोचेपर्यंत बातमी तयार झाली होती: मोतीला खडेबिडे काही नव्हते, तीपण सुनितासारखी पोट कापून बारीक व्हायला गेली होती, साठाव्या वर्षी! आता भाच्याच्या लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या बाईनेही त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघून "छान उतरलात हां" असे म्हटले. मोतीबाई रोज सकाळी अंगणवाडीच्या दारात येऊन "दे गं, एवढी डबी दे" म्हणतात. अर्जदार तेव्हा मुलांची हजेरी घेत असते. ती हजेरी सावकाश घेते. अर्जदाराला यात समाधान वाटते, हे लपवण्यासारखे नाही. ऑपरेशन केल्यापासून एवढे पोटभर काही मिळाले नव्हते.

१३. आता हिशेबाचा मुद्दा. अर्जदाराच्या पोटात तेवीस निघाले, ती डाळ ठरली. मोतीबाईंच्या पोटात एकतीस निघाले. रंग तोच, आकार तोच. मोतीबाईंकडे अंगणवाडी नाही, कोठी नाही, चावी नाही. तर मग हे आठ दाणे जास्त त्यांनी कोणाचे खाल्ले? ती जर डाळ नसेल तर अर्जदाराचीही डाळ नाही. आणि अर्जदाराची डाळ असेल तर मोतीबाईंवर मोठी चौकशी लावावी लागेल. दोन्हीपैकी काय ते आपण ठरवावे. अर्जदाराला दोन्ही चालेल.

तरी विनंती की:

(अ) दुसऱ्या तक्रारीची चौकशी बंद खोलीत न करता बोरखळच्या अंगणवाडीच्या ओटीवर, सगळ्या आळीसमोर व्हावी. मनोज यांनी परवा येऊन "आई तक्रार मागं घेतंय, डबी द्या, मिटवून टाकू" असे सांगितले व तसा सहीचा कागदही दिला. तो कागद अर्जदाराने त्यांच्यासमोर फाडला. मिटवायचे नाही. तक्रार चार माणसांत झाली, तर ती खोटी असल्याचेही चार माणसांतच कळले पाहिजे.

(ब) त्या वेळी रियाला आजीच्या मांडीवर बसवावे. मोतीबाईंनी माफी अर्जदाराची मागितली नाही तरी चालेल. त्यांनी रियाला सांगावे की, बाई चोर नाहीत.

(क) तेवढे झाल्यावर कोठीची चावी अर्जदारास परत मिळावी, आणि त्याच मिनिटाला मोतीबाईंना त्यांची डबी मिळेल. खडे मोजून घ्यावेत. एकही कमी नाही.

पर्यवेक्षिका बाईंची क्षमा मागून शेवटची दोन वाक्ये तेवढी शेऱ्याविरुद्ध लिहिते. मी पोरांचा एकही घास खाल्लेला नाही. रियाने सरकवलेली ती ताटलीसुद्धा मी तिलाच भरवली.

आपली नम्र, परंतु एवढ्या एका बाबतीत न वाकणारी,

(सही)
सौ. सुनिता धनेश भोईर
अंगणवाडी सेविका, बोरखळ
दिनांक: २० जून २०२५

सोबत जोडलेली कागदपत्रे व वस्तू:
१) अर्जदाराच्या दोन्ही ऑपरेशनची कागदपत्रे, छायाप्रती.
२) वजन नोंदवहीतील ओळ क्रमांक २९, जानेवारी ते मार्च २०२४, साक्षांकित प्रत.
३) इकोचालक पोपट यांचा गाडीत ऐकलेल्या बोलण्याबाबत जबाब, एक पान.
४) अर्जदाराचे स्वतःचे खडे, २३ नग, डबीसह. हवे तर शिजवून पाहावेत.
५) मोतीबाईंचे खडे, ३१ नग. जोडलेले नाहीत.