कणी राहू द्यायची

११ जानेवारी, रविवार
अनिरुद्ध जेवायला आला. एकटाच. आवडी गावातल्या क्वार्टर्समध्ये राहायला गेल्याला तीन वर्षं झाली, सूनबाई एकदाही इथे जेवलेली नाही. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. त्या वर्षी गणपतीला पानं वाढलेली, मी शीत दाबून पाहिलं आणि पाहुण्यांसमोर म्हणाले, "वैदेही, कणी राहिली आहे. पातेलं आत ने." नेलं. महिन्याभरात घरही सोडलं.
कणी होती, हे खरं.
अ. म्हणाला, हल्ली ती घरी इटालियन करते. व्हेनिसकडचा मटार घातलेला सैलसर भात तिच्या आवडीचा. म्हटलं, पंचवीसला तिला घेऊन ये. मी करते.

१३ जाने.
वै.चा निरोप: बघू.
नाही म्हणालेली नाही.

१६ जाने.
करून पाहिला. कांदा लोण्यावर, त्यात तांदूळ परतायचा, मग मटारच्या सालींचं उकळतं पाणी डावाडावाने. साली वाया जात नाहीत, हे पटलं. पोंगलला आलेला नवा तांदूळ वापरला, त्याचा लगदा. ह्यांनी दोनदा वाढून घेतला. म्हणाले, "पेज छान झाली आहे."

१९ जाने.
परदेशी जिनसांच्या दुकानातून तिकडचा आखूड, जाड तांदूळ आणला. पाकिटावर लिहिलं आहे, दाणा पोटात किंचित टणक राहायला हवा. म्हणजे कणीच. दोनदा वाचलं.
केला. मऊ झाला. गॅस बंद करायला हात जाईना.

२२ जाने.
पुन्हा मऊ. चाळीस वर्षांची सवय. ह्यांना म्हटलं, घड्याळ घेऊन बसा, सतराव्या मिनिटाला सांगा. सांगितलं. मी ऐकलं नाही. "तुला आजवर कोणी थांबवलंय?" एवढं म्हणून पेपर घेऊन बाहेर गेले.

२५ जाने., रवि.
हा भात करून ठेवता येत नाही, लगेच खायचा. म्हणून कांदासुद्धा चढवला नाही. बाराला येणार होते. साडेबाराला अ.चा फोन, गाडी चुकली. "दोघांची?" विचारलं नाही.
सव्वाला बेल. दोघं.
मग कांदा चढवला. वै. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. मी ढवळत होते, मान वर करायची गरज नव्हती, बरंच झालं. मग आत आली. डावातला एक दाणा घेऊन दोन बोटांत दाबला. अगदी माझ्यासारखा.
"अत्तै, कणी आहे." तंजावरकडची ती, सासूला अत्तै म्हणते. तीन वर्षांनी ऐकलं.
"राहू दे."
माझ्याकडे पाहिलं. मग हात पुढे करून तिनेच गॅस बंद केला.
जेवली. मी चारचौघांत बोलले ते चारचौघांतच मागे घ्यायचं, असं ठरवलं होतं. ताटावर बसल्यावर मात्र…

२६ जाने.
काल निघताना उरलेला तांदूळ तिच्या पिशवीत घालायला गेले. म्हणाली, "इथेच राहू दे." पुन्हा यायचं म्हणून, की माझं काही न्यायचं नाही म्हणून, कळलं नाही. अ.ला विचारणार नाही.
तांदूळ डब्यात भरला. झाकणावर कागद चिकटवून नाव लिहिलं: वैदेही.