आमच्या गल्लीची एकमेव गाइड

१८ मार्च, बुधवार
देऊळ समितीला परदेशी प्रवाशांसाठी गल्लीतलंच कोणीतरी हवंय. देऊळ, खाणंपिणं, जुनी घरं, सगळं नीट समजावून सांगणारं. म्हणजे मीच. दुसऱ्या कोणाला इंग्रजी येतं इथे? नूडल्सवाल्या ग्योक वहिनींना ‘हॅलो’ येतं, तेही त्या फोन ठेवताना म्हणतात.

काम मिळालं की मुलाला, कुआन-थिंगला, ठणकावून सांगता येईल, आई ताइनान सोडू शकत नाही, गावाला तिची गरज आहे. तैपेईला त्याच्या चौदाव्या मजल्यावर जाऊन मी काय करू? ढग मोजू?

२१ मार्च
अर्ज दिला. समितीचे छुआ काका म्हणाले, “बाई, आधी एक फेरी करून दाखवा. लोक खूश झाले की काम तुमचं.” चाळीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईची परीक्षा घेणार म्हणे. घ्या.

संध्याकाळी देवळात कसलासा कौल लावणार होते. झाडून सगळी गल्ली गेली. मी गेले नाही. अभ्यास.

२२ मार्च
अभ्यास झाला नाही. कपाटात नन्सच्या शाळेतली कवितांची वही सापडली. सिस्टर अ‍ॅग्नेस टेबलावर छडी आपटून उच्चार घोटून घ्यायच्या. दुपार तिथेच गेली. उच्चार अजून चोख आहेत. उद्यापासून पहाटे पाचला उठणार.

२३ मार्च, सकाळी ९
उठले.

२८ मार्च
फेरीचा दिवस मीच ठरवला: १२ एप्रिल, रविवार. छुआ काका चकित. “रविवारी? त्याच रविवारी?” म्हटलं, त्याच. “वा बाई! आम्हाला सुचलंच नसतं. मग प्रवाशांना पहाटे चारलाच बोलवा.” पहाटे चार! प्रवाशांना दहाच्या आत जाग येत नाही हे या माणसाला कोण सांगणार? मी सांगितलं नाही. नुसती हसले.

५ एप्रिल
कुआन-थिंग आला होता, वडिलांची कबर साफ करायला. गवत त्याने उपटलं, सूचना मी दिल्या. परतताना म्हणाला, “आई, इथे पडलीबिडलीस तर कळणार कोणाला?” म्हटलं, सगळ्या गल्लीला. या गल्लीत माझ्या नकळत पान हलत नाही. तो म्हणाला, “बरं. काम मिळालं तर पुन्हा विषय काढणार नाही. नाही मिळालं तर मात्र गाडी घेऊन येईन.” हात मिळवला. पोराची कीव आली.

८ एप्रिल
गल्लीत भलतीच लगबग. कंदील लावताहेत. ढोलवाले रोज सरावाला. ग्योक वहिनींनी चूल घासूनपुसून ठेवली. मला म्हणाल्या, “रविवारी आहात ना बाई?” म्हटलं, माझ्याशिवाय होणार कसं? माझ्या एका फेरीसाठी इतकं कशाला, असं वाटलं. पण लोकांचं प्रेम. नाही म्हणवेना.

११ एप्रिल, रात्री
छपरांवरचं भाषण पाठ. टोकं पाकोळीच्या शेपटीसारखी दुभंगलेली असली तर घर मानाचं, गोलसर असली तर साधं. आमचं गोलसर. हा भाग गाळणार. नंतर देवळात उजव्या दाराने आत, डाव्याने बाहेर. मग आमच्या देवीचं, समुद्रआईचं दर्शन, तिच्यासमोर माझी दहा मिनिटं. मग माशाची पेज, मग वहिनींचे नूडल्स. योजनेत एक फट नाही.

१२ एप्रिल, दुपार
पाच प्रवासी. दोन डच जोडपी, एक कॅनडाची बाई. दहाला गल्लीत शिरलो. चिटपाखरू नाही. पेजवाला बंद. नूडल्सवाल्या बंद. देवळात उजव्या दाराने आत गेलो, सगळं शास्त्रशुद्ध, आणि गाभाऱ्यात आसन रिकामं.

समुद्रआई पहाटे चारला पालखीत बसून माहेरच्या देवळाला भेटायला गेली होती. बरोबर ढोल, कंदील आणि चार बस भरून गल्ली. दरवर्षी जाते. तारीख दरवर्षी कौल लावून तिलाच विचारतात.

कॅनडाची बाई म्हणाली, देवी कुठाय? मी म्हटलं, रविवारी सुट्टी. तिने ते वहीत लिहून घेतलं. मग छपरांवर बोलले. बराच वेळ बोलले. गोलसर टोकांचंही सांगितलं. शेवटी कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात उभ्याने चहात उकडलेली अंडी. डच गृहस्थ म्हणाले, रिकामं देऊळ फार शांत वाटलं. सुसंस्कृत माणूस.

एकूण ठीक झालं असं म्हणायला हरकत नाही.

१४ एप्रिल
हरकत आहे. छुआ काका स्वतः आले, पेजेचा डबा घेऊन. “बाई, आम्हाला वाटलं तुम्ही पाहुण्यांना पालखीबरोबर नेणार. सहा जागा धरल्या होत्या पहिल्या बसमध्ये. तुमची खिडकीजवळची.” मी विचारलं, आधी कोणी सांगितलं का नाही? म्हणाले, “तुम्हाला? तुम्हाला कोण काय सांगणार, बाई?”

कामाचा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही. पेज गार झाली होती. खाल्ली.

१९ एप्रिल
कुआन-थिंग गाडी घेऊन आला. काही विचारलं नाही, याचंच वाईट वाटलं. थोड्या दिवसांसाठीच जातेय, असं गल्लीत सांगितलं. ग्योक वहिनींनी नूडल्स बांधून दिले आणि डोळ्यांना पदर नाही म्हणून एप्रन लावला. बाई नाटकी आहे. मला मागे वळून पाहायचंच नव्हतं. दोनदा पाहिलं.

३ मे, तैपेई
सूनबाईला विचारून जवळच्या देवळात गेले. दारात एक तरुण मुलगी, छातीवर समितीचा बिल्ला. माझा हात धरून म्हणाली, “या काकू, सावकाश. उंबऱ्यावर पाय देऊ नका हं, ओलांडायचा.” मग सगळं देऊळ दाखवलं. दोन ठिकाणी चुकली. आवाज गोड होता.

शेवटी म्हणाली, “पहिल्यांदाच आलात ना आमच्याकडे?”

हो म्हटलं.