आबांनी दिलेलं चावीचं घड्याळ

आबा, तुम्ही धोंड्याच्या महिन्यात माझ्या हातावर बांधलेलं घड्याळ देऊन दुसरं घ्यावं का, एवढाच प्रश्न आहे. जळगावचा घड्याळवाला तयार आहे. वस्तू द्यायची, वस्तू घ्यायची, वर काही नाही. विचार करून कळवतो असं सांगून आलो आणि तेव्हापासून देवपूरच्या या घरात येरझाऱ्या घालतो आहे. तुमच्या मुलीला विचारलं, तर ती म्हणते, तुमचं घड्याळ, तुम्ही ठरवा. आता उरलात तुम्ही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, उत्तर येणार नाही हे मला कळतं. पण परवानगी मागायचीच तर दुसऱ्या कुणाकडे मागू?

केळी घ्यायला येणाऱ्या दिल्लीकडच्या एका व्यापाऱ्याच्या मनगटावर तुम्ही तसलं घड्याळ पाहिलं होतं. जावयाला द्यायचं तर असंच, म्हणून त्याच्याकडूनच परदेशी बनावटीचं मागवून घेतलंत. सोन्याचं, पातळ, पांढऱ्या तबकडीवर आकड्यांऐवजी नुसत्या बारीक रेघा. आमच्या घरात इतकी उंची वस्तू कुणी हातात धरली नव्हती. मी नवा जावई, अनारसे खाऊन जड झालेला, पाटावर बसलेलो, आणि तुम्ही ते स्वतः बांधलंत. त्याला रोज सकाळी चावी द्यावी लागते, हे सांगायचं मात्र तुमच्याकडून राहून गेलं. दुसऱ्या दिवशी ते बंद पडलं. आता सासऱ्यानं हौसेनं दिलेली वस्तू बंद आहे, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? मी आपला ते तसंच मिरवत राहिलो. बागेत तुम्ही किती वाजले विचारलंत, तर मनगटाकडे बघितल्यासारखं केलं आणि उन्हावरून अंदाजानं ठोकून दिलं. निघायच्या दिवशी पकडला गेलो. फाट्यावर बसची वाट बघताना तुम्ही माझा हात धरून तबकडी डोळ्यांजवळ नेलीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही घड्याळ काढून घेतलंत, केळीच्या चिकानं काळ्या पडलेल्या बोटांनी ती इवलीशी चावी फिरवलीत, कानाला लावून पाहिलंत आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "घड्याय बंद पडलं त सांगा लागते, जावईबापू. असं मुकं ऱ्हायल्यावर माह्या पोरीले कसं समजीन?"

ती शेजारीच उभी होती, पदर तोंडाला लावून हसत. मला राग आला होता, आबा. पारोळं येईपर्यंत मी तिच्याशी बोललो नाही.

पण घड्याळावर जीव जडला तो जडलाच. लग्नकार्यात, कॉलेजात, कुठेही जाताना हातावर तेच. आंघोळ झाली की आधी चावी, मग चहा. तुमच्या दहाव्यालाही ते माझ्या हातावर होतं आणि त्या दिवशी मी ते सारखं बाहीखाली झाकत होतो, का ते मलाही सांगता येणार नाही.

मग हात थरथरायला लागला. आधी उजवा, पुढे डावाही. डॉक्टरांनी कंपवाताचं नाव घेतलं, गोळ्या लिहून दिल्या आणि मी घरात कुणाला काही बोललो नाही. चहा अर्धा कपच घ्यायचो. सही करायची वेळ आली की नंतर करतो म्हणायचो. पण ज्वारीच्या दाण्याएवढ्या चावीला कशी चुकवणार? एका सकाळी मी पायरीवर बसलो आहे, घड्याळ मांडीवर आहे, चावी बोटांतून निसटते, पुन्हा धरतो, पुन्हा निसटते. आतला भाकरी थापायचा आवाज थांबतो. ती दारात येते, पिठाचे हात पदराला पुसते, माझ्या हातातून घड्याळ घेते आणि चावी देऊ लागते. पूर्ण दिल्यावर विचारते, "कधीपासून?"

मी सगळं सांगितलं. ती तिथेच, माझ्या शेजारी बसून ऐकत राहिली. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा उठली.

त्या दिवसापासून चावी तीच देते. पट्टाही तीच बांधते. मनाला ते लागत होतं, खोटं कशाला बोलू? रोज सकाळी उठून आपलं दुखणं बायकोच्या हातात ठेवायचं. आयुष्यभर वर्गात ताठ उभा राहिलेला माणूस मी, आता मनगट पुढे करून बसतो. उद्या ती आजारी पडली तर? आणि तिनं तरी हे किती दिवस करायचं? म्हणून मीच घड्याळवाल्याचा पत्ता काढला आणि तिला घेऊन जळगाव गाठलं.

त्यानं काढलेलं घड्याळ देखणं होतं. जरा जाड, मोठ्या आकड्यांचं, मला चष्म्याशिवाय दिसेल असं. याला चावी लागत नाही, तो सांगत होता, हातावर असलं की हाताच्या हालचालीवर चालतं. मी म्हटलं, मग हे माझ्या हातावर कधीच बंद पडायचं नाही. त्याला आधी कळलं नाही, मग माझ्या हाताकडे बघून तो कानकोंडा झाला. सावरून घ्यायला म्हणून तिला म्हणाला, "बघा ताई, रोजची कटकट मिटेल."

"कटकट कुणाला होती?" ती म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता, तरी त्यानं ते घड्याळ पुन्हा डबीत ठेवलं. विचार करून कळवतो म्हणून मी उठलो. येताना एरंडोल गेलं, पारोळं गेलं, ती खिडकीबाहेर बघत होती. तुमचं घड्याळ, तुम्ही ठरवा, हे ती त्याच वेळी म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. इतक्या वर्षांत मी तिला रडताना फार कमी पाहिलं आहे. मला वाटत होतं मी तिचा भार हलका करतो आहे. तिला वाटत होतं मी तिच्याकडून काहीतरी काढून घेतो आहे.

तर आबा, घड्याळ बदलत नाही. लिहिता लिहिता ठरलं. उद्या त्या माणसाला फोन करून नाही म्हणून सांगेन. हा कागद घरात ठेवायचा नाही, फाडून टाकायचा, कारण घरातला प्रत्येक कागद ती चाळते आणि पुढची गोष्ट तिला कळायला नको आहे. डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्यापासून काही सकाळी माझा हात अगदी स्थिर असतो. आज होता. ती आत असताना मी चावी धरून पाहिली, तर ती निसटली नाही, सहज फिरली. मग मी थांबलो, घड्याळ मांडीवर ठेवलं आणि तिला हाक मारली.