हिरव्या चौकटीतला श्वास

बोगदा कॅम्प, अरुणाचल
६ नोव्हेंबर २०२४

ती. आईस आणि दिपाली ताईस,
सा. न. वि. वि.

ताईचं पत्र दहा दिवसांनी मिळालं. इथं डोंगरात मोबाईलला रेंज नाही. आठवड्यातून एकदा सामानाचा ट्रक खाली जातो, त्यातच आमची पत्रं जातात. माझं अक्षर आठवीनंतर शाळा सोडली तिथंच थांबलंय, हसू नका.

आई, डाव्या छातीतल्या कॅन्सरच्या गाठीचं ऑपरेशन झालं, आता पंचवीस वेळा मशीनवर किरणांचे शेक घ्यायचे, हे वाचलं आणि पत्र परत पहिल्यापासून वाचलं. पण ताईने सगळं नीट समजावलंय. त्या बाजूला हृदय, म्हणून मोठा श्वास घेऊन छाती वर धरायची, म्हणजे हृदय मागे सरतं आणि शेक त्याला लागत नाही. छताला कॅमेरे, त्यांची नजर तुझ्या कातडीवर. छाती ठरल्या जागी आली की तुझ्यासमोरच्या पडद्यावरची रेघ हिरव्या चौकटीत जाते आणि तेव्हाच मशीन चालतं. श्वास सुटला की बंद. झकास काम आहे यार. आमच्या मुकादमाची पण एवढी नजर नसते.

सरावाला तुझी रेघ दोनदा खालीच राहिली म्हणे. घाबरू नकोस. सैन्याच्या भरतीत माझी छाती पाच सेंटीमीटर फुगत नव्हती, आठवतं ना? तेव्हा मालाडच्या पोरांनी शिकवलेलं सांगतो. टाचा रोवायच्या, पोट आत ओढायचं आणि पाठ हळूच उचलायची. मोजायची फीत आपोआप पुढे सरकते. मी धावण्यात नापास झालो ते वेगळं, छातीत पास होतो! तू तर झोपूनच असतेस, कोणाला कळणार पण नाही.

माझी काळजी नको. मरोळची फॅक्टरी सोडली, गोवंडीचं गॅरेज सोडलं, वर्सोव्याची बोट सोडली, पण हे काम नाही सोडणार. मार्चला बोगदा आरपार होणार, तो बघूनच येतो.

लोभ आहे तसाच राहू दे.
तुमचा,
पिंटू

*

मनोरी
२२ नोव्हेंबर २०२४

चि. पिंटूस,
अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद देतेय, पण खरं तर तुझा कान पिळायचाय. अकरा तारखेला शेक सुरू झाले. पहिला आठवडा रखडत का होईना, पार पडला. सोमवारी तुझं पत्र आलं. आईने माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि मंगळवारपासून सगळी वाट लागली. श्वास धरला की मशीन बंद. परत धरला, परत बंद. तेजल म्हणून मशीनवरची मुलगी आहे, बिचारी चार वेळा उशी नीट करून गेली. बाहेर पेशंटची रांग. आम्हाला वाटलं कॅमेराच बिघडला.

काल तेजलने मला पडदा दाखवला. पहिल्या दिवशी कॅमेऱ्याने आईच्या छातीचा आकार धरून ठेवलाय, साच्यासारखा. आता उंची बरोबर येते पण आकार जुळत नाही, सगळं अंग वरच्या बाजूला कललेलं. तेजल म्हणाली, ह्या मावशी श्वास घेत नाहीत, पाठ उचलतात. आईने आधी एकवीरेची शपथ घेतली, मग तुझं नाव सांगितलं आणि हसत सुटली. हसता हसता खोकला आला. भरतीवाल्यांची फीत फसली असेल, हा कॅमेरा नाही फसत रे.

एवढ्यावर भागलं नाही, शेजारची शकु सांगून गेली, तिच्या वेळी अंगावर शाईच्या फुल्या मारलेल्या आणि दीड महिना साबण लावू दिला नव्हता. फुल्याच नाहीत तर नेम कसा लागणार, हे आता आईच्या डोक्यात बसलंय.

बाकी ठीक. मार्वेच्या फेरीतून उतरून रिक्षाने बोरिवलीच्या हॉस्पिटलला जातो. काल परत येताना आई जेट्टीच्या पायऱ्यांवर दोनदा थांबली, म्हणाली चप्पल टोचते. सोमवारपासून सरळ श्वास घेईन, असं कबूल केलंय.

पुन्हा असली अक्कल पाठवू नकोस. पत्र मात्र पाठव.
तुझी,
ताई

*

मनोरी
३० नोव्हेंबर २०२४

चि. पिंटूस,
अ. आ.

हे पत्र आईला न सांगता लिहितेय.

सोमवारी तिने पाठ टेकवून श्वास घेतला आणि रेघ चौकटीपर्यंत गेलीच नाही. मंगळवारी पण नाही. तेजलने पहिल्या दिवसाचा आकार आणि आजचा एकावर एक ठेवला. छाती अर्धीच वर येत होती. तिने मशीन थांबवून डॉक्टरांना बोलावलं. त्याच दुपारी छातीचा फोटो काढला. डाव्या फुप्फुसाभोवती पाणी झालंय. सुईने काढलं, तपासायला पाठवलं. काल सांगितलं, त्या पाण्यात पण तोच रोग आहे.

शेक बंद केले. आता फक्त त्रास कमी व्हायची औषधं. किती दिवस, असं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, मुलाला बोलवून घ्या.

पिंटू, तिचा श्वास दिवाळीपासूनच कमी पडत होता. चप्पल नव्हती टोचत. तुझी ट्रिक तिने रेघ वर न्यायला वापरली खरी, पण रेघ का जात नाही ते कुणाला कळू नये म्हणून. काल सगळं कबूल केलं. म्हणाली, पिंटूला कळलं तर तो काम टाकून धावत येईल. त्याने आयुष्यात एक काम पुरं केलेलं नाही, हे तरी होऊ दे. मला देवासमोर उभं करून बोलायला लावलं की तुला कळवणार नाही.

आठवडाभर आधी कळलं असतं तर फरक पडला असता का, हे मी डॉक्टरांना विचारलं. नाही म्हणाले. तरी मला तुझा राग येतो, आणि कोणावर काढू तेही कळत नाही.

ये.
ताई

*

बोगदा कॅम्प, अरुणाचल
२ डिसेंबर २०२४

ती. आईस आणि ताईस,
सा. न. वि. वि.

ताईचं बावीस तारखेचं पत्र आज मिळालं. माझ्यासोबत राहणाऱ्या विकीला वाचून दाखवलं, तो हसून हसून लोळला. आई, तू भरतीत असतीस तर हवालदाराने तुला परेड करायला लावली असती. आता सरळ श्वास घे, त्या तेजलला त्रास देऊ नकोस. एव्हाना पंधरा-सोळा शेक झाले असतील ना? शकुमावशीला सांग, आता शाईचा जमाना गेला.

बोगदा आता थोडाच राहिलाय. मी मार्चपर्यंत हलत नाही, शप्पथ. काम पुरं केल्याचा दाखला आणून तुझ्या हातात देतो, फ्रेम करून भिंतीला लाव.

एकच विचारायचं राहिलं. चप्पल टोचते म्हणजे कुठली? निघताना मी घेऊन दिली ती तर कापसासारखी मऊ होती. घालून बघितलेली तूच. ताई, जरा नीट बघ ना.

लोभ वाढता ठेवा.
तुमचा,
पिंटू

*

बोगदा कॅम्प, अरुणाचल
९ डिसेंबर २०२४

ती. आईस,
सा. न.

ताईचं तीस तारखेचं पत्र आज सकाळी मिळालं. विकी आज सुट्टीवर निघतोय, मुंबईलाच येतोय, म्हणून हे त्याच्या हाती देतो. सुट्टीवाल्यांच्या गाडीत एकच जागा होती आणि त्याच्या घरी लग्न आहे. खूप हातापाया पडलो, पण त्याच्याने नाही झालं. पुढची गाडी गुरुवारी, तिच्यात मी. ताई, हे तिला मोठ्याने वाचून दाखव. वचन मोडल्याचा ओरडा बसेल, तो माझ्या नावावर टाक.

आई, मी हे पण काम अर्धवट सोडलं. मुकादम म्हणाला दाखला नाही मिळणार, म्हटलं ठेव तुझ्याकडे. तुला राग येऊ दे. रागावलीस की तुझा आवाज पार मार्वेला ऐकू जायचा. ये बघू एकदा अंगावर धावून.

हसत हसत तुला ते शिकवलं मी. माझ्या पाठीचं खोटं होतं ते, तू कशाला घेतलंस गं?

आता चौकट नाही, रेघ नाही, कॅमेरा नाही. श्वास धरून ठेवायचा नाही. जेवढा येतो तेवढाच घे, छोटा तर छोटा. सोडलास की परत घे. मनोरीच्या जेट्टीवर मी उतरेपर्यंत घेत राहा.

लोभ असावा, असं दरवेळी लिहितो. ह्यावेळी एवढंच, की तू असावीस.
तुझा,
पिंटू