पहिल्या धुण्यानंतरचे आबाह

बांडुंग,
१२ एप्रिल २०००

प्रिय तेतेह एन्टिन हिला,
धाकट्या भावाचा सलाम व सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. म्हणजे जेवतो, झोपतो आणि गिटारची तार तुटली की गाठ मारून वाजवतो. कॉलेजात जातो का, हे तू विचारशीलच. तर विचारू नकोस.

आमच्या बँडचं नाव 'शेजारचा गोंगाट' ठेवलंय हे तुला कळलंच असेल. घरमालकीणबाई खूश आहेत, तक्रार करताना त्यांना वेगळे शब्द शोधावे लागत नाहीत. गाणी तयार आहेत, ऐकणारे तेवढे तयार व्हायचेत. त्यासाठी मी आणि आमचा ढोलकरी टाटांग स्वस्तातले उपाय करून थकलो. स्टिकर छापले, ते सकाळी विजेच्या खांबावर लावले की दुपारी खांबाखाली सापडतात. सोड्याच्या बाटल्यांची बुचं ठोकून, मागे सेफ्टी पिन लावून बिल्ले केले. ज्यांनी ते लावले त्यांच्या खिशावर गंजाचा गोल डाग पडला, आणि आजवरचा आमचा सगळ्यात टिकाऊ प्रचार तोच. बंद पडलेल्या एका शिकवणीच्या जुन्या कॅसेट उचलून त्यावर गाणी भरली, तर तिसरं गाणं संपतं न संपतं तोच एक बाई जपानीत स्टेशनचा रस्ता विचारायला शिकवू लागतात. एक मुलगा कॅसेटचा पुढचा भाग आहे का म्हणून विचारायला आला होता. त्याला पुढचा धडा हवा होता.

इथे ज्याचा टी-शर्ट दुकानात टांगलेला नाही तो बँडच नव्हे. दुकानदार म्हणतो की पोरं आधी बँड अंगात घालतात, मग जमलं तर ऐकतात. कोरे टी-शर्ट आम्हाला झेपत नाहीत. म्हणून आठवण झाली की आबाहांचा फोटो छापलेले निवडणुकीच्या टी-शर्टांचे गठ्ठे आपल्या कोठारात पडून असतील. बापाच्या चेहऱ्याची काळजी नको, आम्ही तोंडाला काळं फासू. हे भलतंच लिहून गेलो. म्हणजे त्यावर काळ्या शाईचा चौकोन छापू आणि वर पांढऱ्या अक्षरात बँडचं नाव.

भावावर लोभ असू दे, आणि नसला तरी गठ्ठे पाठव.
तुझा उगान

चिहेरांग,
२१ एप्रिल

चि. उगान यास,
अ. उ. आ. विशेष.

तुझं पत्र वाचून हसले आणि लगेच आबाहांनी ऐकलं तर नाही ना म्हणून दाराकडे बघितलं. हल्ली या घरात हसायचीही चोरी झाली आहे.

गावप्रमुखाची निवडणूक होऊन दोन महिने उलटले, पण आबाह पुढच्या दारातून बाहेर पडलेले नाहीत. मागच्या तळ्याशी बसतात, माशांना दाणे टाकतात, आत येतात. शुक्रवारी शेतातल्या वाटेने शेजारच्या गावच्या मशिदीत जातात, आपल्या नाही. अजून म्हणतात की निवडणूक चिन्हांच्या चिठ्ठ्या काढताना समोरच्या उमेदवाराला, ओमोनला, मका निघाला आणि त्यांना कसावा, म्हणून हरले. भात निघाला असता तर चित्र वेगळं असतं. मी म्हटलं, आबाह, तुम्ही प्रचारात एकाही घराची पायरी चढला नाहीत, त्यात कसाव्याचा काय दोष? त्यावर ते म्हणाले की जो मला ओळखतो त्याला सांगायला कशाला हवं? टी-शर्टचंही तेच. शिवून आणले, मग स्वतःचं तोंड लोकांच्या छातीवर वाटायची लाज वाटली. गठ्ठे सुटलेच नाहीत.

काल जेवताना मात्र हळूच म्हणाले की सगळ्या गावाने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि नको म्हटलं. उगान, मला हे बघवत नाही. अंबू आपल्याला आईवेगळं करून गेली तेव्हाही ते असे दाराआड बसले नव्हते.

त्या टी-शर्टांचे पोछे कर, असा त्यांचा हुकूम आहे. मी ते पोछ्यांऐवजी तुझ्याकडे पाठवते आहे, फारसा फरक पडणार नाही. अट एकच. त्यांचा चेहरा कुणाला दिसता कामा नये. परक्या गावात पोरं आपल्याला हसताहेत असं कळलं तर ते तळ्यावर जायचंही बंद करतील.

जेवत जा. भावाचा लोभ आहे हे मला पत्रापेक्षा कॉलेजच्या निकालावरून कळलेलं जास्त आवडेल.
तुझी तेतेह

बांडुंग,
१० मे

प्रिय तेतेह,
सा. न. वि. वि.

चेहरा गडप! अगदी अमावास्येसारखा काळा चौकोन. छपाईची चौकट टाटांगच्या खिडकीची, तिला ताणलेलं झिरझिरीत कापड त्याच्या आईच्या पडद्याचं. त्या घरात आता ऊन आणि शिव्या एकाच भोकातून येतात. शाई सगळ्यात स्वस्तातली घेतली. शाईवाल्याने बजावलं होतं की छपाई वाळली की प्रत्येकावर गरम इस्त्री दाबून फिरवा, नाहीतर रंग धरणार नाही. तिसऱ्या टी-शर्टाला घरमालकीणबाई येऊन फ्यूज काढून घेऊन गेल्या. उरलेले आम्ही गच्चीवर उन्हात टाकले आणि विश्वासावर सोडले. कलाकार माणसांनी थोडा विश्वास ठेवायला हवा.

दुकानात टांगले आणि चक्क खपले! परवा चौकात एक अनोळखी मुलगा आमचं नाव छातीवर घेऊन चालला होता. मी तीन गल्ल्या त्याच्या मागे गेलो. शेवटी त्याने वळून विचारलं की काय पाहिजे. मी म्हटलं, काही नाही, चालत राहा.

पुढच्या महिन्यात एका शाळेच्या जलशात आम्हाला वाजवायला बोलावलंय. आबाहांना एवढंच सांग की उगान अभ्यासात गढलेला आहे.

तुझ्या मायेचा आणि कोठाराचा ऋणी,
उगान

बांडुंग,
२७ मे

तेतेह,
सलाम, आणि बाकीचे मायने आज राहू देत.

आबाह बाहेर आले. घरातून नव्हे, टी-शर्टातून.

पहिल्या धुण्यात काळा चौकोन पापुद्रे धरून सुटतो. आधी टोपी दिसते, मग कपाळ, मग ते आपल्याकडे रोखून बघायला लागतात. आमचं नाव शाईबरोबर मोरीत जातं आणि उरतं काय, तर आबाह, कोपऱ्यात कसाव्याचा कंद, आणि खाली 'पाटाला बारमाही पाणी, सुकर्या यांनाच मत'. बांडुंगभर पोरं हरलेल्या निवडणुकीचा प्रचार करत हिंडताहेत!

मी धावत दुकानात गेलो आणि उरलेले परत मागितले. दुकानदाराने हात जोडले. म्हणाला, लोक मुद्दाम येऊन 'ज्यातून काका निघतात तो' मागताहेत. घरी नेऊन पैज लावून धुतात, कुणाचे काका आधी निघतात म्हणून. एका झेरॉक्सच्या मासिकात आलंय की सत्ता कशी काळोखात दडलेली असते यावर 'शेजारचा गोंगाट'ने सखोल भाष्य केलंय. टाटांग ते वाचून गंभीरपणे मान हलवतो. आमचं गाणं कसं आहे, हे अजून एकानेही विचारलेलं नाही.

मला हसू येतं आणि लगेच तुझं पत्र आठवतं. तू एकच अट घातली होतीस. गाढव म्हण, मारायचं तर मार, पण आबाहांच्या कानावर जाऊ देऊ नकोस.

लोभ धुतला गेला नसेल तर उत्तर धाड.
उगान

चिहेरांग,
७ जून

चि. उगान यास,
आशीर्वाद देते आहे, कारण तुला त्यांची गरज पडणार आहे.

तुझं पत्र येऊन उपयोग झाला नाही. ओमोनचा पुतण्या बांडुंगला शिकतो हे तू विसरलास का? सुट्टीला आला तो तोच टी-शर्ट घालून. तळ्यावर मासे मागायला आला आणि आबाहांसमोर उभा राहिला. आबाहांनी त्याच्या छातीवर स्वतःला बघितलं. मासे मोजून दिले. मग आत आले, आंघोळ केली, काळी टोपी चढवली आणि माझ्याकडे तुझा पत्ता मागितला. मी सांगितलं की चूक माझी आहे, गठ्ठे मी दिले. ते म्हणाले की तोंड माझं आहे, मीच बघतो.

आज सकाळच्या बसने निघालेत. मी इतकी घाबरले होते की ते पुढच्या दाराने, भर गावातून चालत गेले हे मला ते दिसेनासे झाल्यावर लक्षात आलं. अख्खं गाव दारात उभं राहून बघत होतं.

हे पत्र पोचेल तेव्हा ते पोचलेले असतील, किंवा तुला बदडून परत निघालेलेही असतील. काहीही बोलले तरी उलटून बोलू नकोस. आणि त्यांना जेवायला घाल, बसमध्ये ते काही खात नाहीत.
तुझी तेतेह

बांडुंग,
१४ जून

प्रिय तेतेह,
सलाम व सा. न. वि. वि. मी धडधाकट आहे.

आबाह खोलीवर पोचले तेव्हा घरमालकीणबाईंनी त्यांना शाळेचा पत्ता देऊन जलशाला धाडून दिलं. भर दुपारची वेळ, आम्ही स्टेजवर चढलो होतो, आणि टी-शर्टांच्या टेबलाशी कुणीच नव्हतं. आबाहांचे पाय दुखत होते म्हणून ते त्या टेबलामागच्या खुर्चीवर टेकले. मला स्टेजवरून फक्त टोपी दिसली. माझा पुढचा सूर चुकला.

एक मुलगा टी-शर्ट घ्यायला गेला. आबाहांनी त्याला सरळ सांगितलं की बाळा, घेऊ नकोस. कापड पातळ आहे, मीच घेतलंय, मला माहीत आहे. शाई पहिल्या धुण्यात जाईल. खालून मी निघेन. आणि मी हरलेला आहे. पोराने टोपीकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे, आणि आरोळी ठोकली की काका स्वतः आलेत! आमच्यासमोरची गर्दी उठून तिकडे गेली. आमचं सगळ्यात चांगलं गाणं आम्ही लोकांच्या पाठींना ऐकवलं.

मला वाटलं, आता ते उठून जातील. तेतेह, ते उठले नाहीत. एकेकाला विचारत बसले की तू कुणाचा, गाव कोणतं, तिकडे पाटाला पाणी आहे का. कुणाकडून हरलात म्हणून पोरांनी विचारलं, तर म्हणाले, मक्याकडून. पोरं खो खो हसली आणि आबाह त्यांच्याकडे बघत राहिले. एका मुलीच्या गावचा पाट दर वर्षी फुटतो, तर त्यांनी टेबलावर बोटाने रेघा ओढून तिला बांध कसा घालायचा ते समजावलं. सगळे सही मागत होते. आधी नाही म्हणाले, मग सरकारी कागदावर करावी तशी पूर्ण नावाची, तारखेसकट सही प्रत्येकाच्या पाठीवर केली. टेबलावर एक टी-शर्ट उरला नाही. आपल्या गावात त्यांनी हे चार घरी केलं असतं तर!

मी खाली आलो तो थोबाडीत खायच्या तयारीने. त्यांनी विचारलं की जेवलास का. बस स्टँडवर भात खायला बसलो तेव्हा मी माफी मागितली. त्यांनी भात कालवला. मग म्हणाले की सगळे मला हसत होते. मी मान खाली घातली. तर म्हणाले, मला वाटलं होतं याहून वाईट असेल. एवढ्याला भिऊन मी तळ्याशी बसलो होतो. तेतेह, मला भर खाणावळीत रडू आलं आणि ते समोर बसून माझ्या ताटात मासा वाढत राहिले.

गाण्यांबद्दल म्हणाले की आवाज मोठा आहे, पण काय म्हणायचंय ते कुणाला कळत नाही, अगदी माझ्या भाषणासारखं.

तुझा, आणि आता अधिकृतपणे आबाहांचा मुलगा,
उगान

चिहेरांग,
२९ जून

चि. उगान यास,
आबाहांचा आशीर्वाद.

पत्रास कारण तूच, पण ते शेवटी. इकडे सर्व क्षेम आहे. एन्टिनला सर्दी आहे. तळ्यात पिल्लं झाली आहेत.

रविवारी गावाचा पाट साफ करायला घरटी एक माणूस जातो आणि प्रत्येक घराला आपला तुकडा वाटून दिलेला असतो, हे तुला सांगायला नको. निवडणूक झाल्यापासून मी गेलो नव्हतो. कुणी बोलवायला आलं नाही, दंड मागायलाही आलं नाही. मी समजलो, आपलं नाव खोडलं. आपला तुकडा गाळाने बुजून गेला असणार, तो स्वतःच्या डोळ्यांनी बघावा म्हणून गेल्या रविवारी मी कुदळ घेऊन निघालो. बांडुंगच्या पोरांना तोंड दाखवून आलो होतो, मग हे काय अवघड?

आपल्या तुकड्यात ओमोन उभा होता. गुडघाभर चिखलात, गावप्रमुख. मी विचारलं, तू इथे काय करतोस? तो म्हणाला की नियम घरटी एक माणसाचा आहे. तुमच्या घरून कुणी येत नव्हतं, म्हणून माझा तुकडा झाला की हा मी करतो. काहींनी दंड लावा म्हणून सांगितलं होतं. मी त्यांना म्हटलं, सुकर्या येतील, तोवर मी आहे.

उगान, मी चार महिने भिंतीआड बसून या माणसाला शिव्या मोजत होतो, आणि तो दर रविवारी माझा गाळ उपसत होता.  मी लुंगी वर खोचली आणि खाली उतरलो. तो बांधावर बसून दम खाऊ लागला आणि लगेच माझ्या कामात खोड्या काढू लागला. म्हणाला की तुम्हाला भात निघाला असता तर मीच पडलो असतो. हे मी एन्टिनला दोनदा ऐकवलं आहे.

आता कारण. पुतण्याचा टी-शर्ट बघून ओमोनलाही एक हवा आहे. त्याने स्वतः तोंडाने मागितला. मोठ्या मापाचा पाठव, पोट सुटलंय त्याचं.

आणि धुवून पाठव.
तुझे आबाह