मेलेला वैमानिक

४ मार्च
पोरगा जाऊन महिना झाला. आज त्याचे मित्र आले. चौघं. चहा घेतला, बिस्किटं संपवली, मग मुद्द्यावर आले. त्यांच्या त्या अंतराळातल्या सिनेमांचा नवा भाग येतोय, आणि त्यात तो वैमानिक परत आणलाय म्हणे. तिसऱ्या भागात मेलेला! सगळे खवळलेत. थिएटरसमोर निदर्शनं करायची आहेत. पोराचा फोटो घेऊन.
"त्याला हे मुळीच चाललं नसतं, काका."
नसतंच. जेवताना तावातावाने यावरच बोलायचा. मी नुसतं हं हं करायचो.
चष्मेवाला म्हणाला, "काका, मेलेला परत आणला की मरणाला किंमतच राहत नाही."
हे मला सांगतोय. मला!
फोटो दिला. ही आतून बाहेर आलीच नाही.

५ मार्च
अक्षर चांगलं म्हणून फलकही माझ्याच गळ्यात. जन्मभर नकाशे काढले, आता हे. 'मेलेल्याला मेलेलाच राहू द्या.' पोराचंच वाक्य. काळ्या रंगात, पट्टी लावून लिहिलं. हिने दारातून वाचलं आणि गेली.

७ मार्च
वरच्या खोलीत गेलो. दर वर्षी सगळे भाग ओळीने बघायची त्यांची रीत. वैमानिक मेला की सगळे उभे राहायचे. खाली आमच्या डोक्यावर खुर्च्या सरकायच्या. मी ओरडायचो, "मेला का रे एकदाचा?" वरून हसणं.
खुर्च्या अजून तशाच आहेत.

१० मार्च
निदर्शनं! अर्ध्या तासात आपापसातच जुंपली. त्यांच्यातला लंबू म्हणाला, पाचवा भागही मूळ कथेत धरायचा नाही. चष्मेवाला म्हणाला, मग तू खरा चाहताच नाहीस. पोराचा फोटो भिंतीला टेकवलेला. एकाचंही लक्ष नाही. मी उचलला, काखेत मारला, आणि माझ्याच फलकाखालून जाऊन तिकीट काढलं.

११ मार्च
काल पुढचं लिहवलं नाही.
सिनेमा टुकार आहे. पोरगा म्हणत होता ते बरोबर. हा वाचला कसा, होता कुठे, काही सांगत नाहीत. दार उघडतं आणि हा उभा. हातात हेल्मेट. "उशीर झाला," म्हणतो. बस्स.
लोकांनी हुर्यो उडवली. मी मात्र उभा होतो. कधी उठलो, कळलंच नाही.
मागून कोणीतरी — "ओ काका, बसा की खाली!"

१२ मार्च
परत गेलो. तो दारातून आला, मग निघालो.

१३ मार्च
आजही.

१४ मार्च
चष्मेवाल्याचा फोन. रविवारी पुन्हा उभं राहायचंय. "येतो," म्हणालो. तिथेच असणार आहे म्हणा, आत.

१५ मार्च
हिने विचारलंच. "संध्याकाळी जाता तरी कुठे?"
सांगून टाकलं. वाटलं, चिडेल.
"खरंच येतो परत?"
"येतो."
"कुठे होता, विचारत नाहीत त्याला?"
"नाही."
उठली. महिनाभर घातल्या नव्हत्या त्या चपला शोधायला लागली.